गणवेशातील शिक्षिका

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तवार्ता संस्थेने एक जुने व्याख्यान सर्वांसाठी खुले केले. १९ ऑगस्ट १९८२ रोजी त्या संस्थेतील कर्मचाऱ्यांपुढे झालेले हे व्याख्यान एक इंच रुंदीच्या व्हिडिओ फितींवर अनेक वर्षे पडून होते. त्या फिती वाचणारे यंत्र संस्थेकडे उरले नव्हते आणि शेवटी नॅशनल आर्काइव्हजच्या मदतीने त्यांचे डिजिटल रूप तयार करण्यात आले. व्याख्यात्या होत्या अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन ग्रेस हॉपर आणि त्यांचे वय तेव्हा ७५ वर्षांचे होते. समोर संगणक क्षेत्रातील जाणकार बसलेले असूनही त्या आपली मांडणी अगदी मुळापासून, प्रत्येक पायरी स्पष्ट करत पुढे नेतात.

हॉपर यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात पहिला कंपायलर (माणसाने लिहिलेल्या सूचनांपासून यंत्राच्या आज्ञा तयार करणारी प्रणाली), कोबोल ही संगणकभाषा आणि यंत्रात सापडलेल्या पतंग या किड्याची गोष्ट, जिच्याशी संगणकातील चुकीसाठीचा बग हा शब्द जोडला जातो, यांनाच बहुतेक जागा मिळते. पतंगाची गोष्ट खरी आहे, ९ सप्टेंबर १९४७ ची ती नोंदवही जपून ठेवलेली आहे. परंतु तो पतंग हॉपर यांनी शोधला नव्हता, त्यांनी फक्त ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली. मला त्यांच्या ८५ वर्षांच्या आयुष्यात दुसरेच सूत्र अधिक महत्त्वाचे वाटते. त्या आरंभापासून अखेरपर्यंत शिक्षिका होत्या, त्यांच्या संगणकातील शोधांचा उगमही शिकवण्याच्या ध्यासात आहे, आणि हे शिकवणे त्यांनी ज्या नौदलाच्या गणवेशात केले त्या नौदलाने त्यांना वयाचे कारण पुढे करून एकाहून अधिक वेळा नकार दिला होता.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईचे वडील न्यूयॉर्क शहराच्या सेवेत स्थापत्य अभियंता होते आणि मोजणीच्या वेळी खांब धरून उभे राहण्याचे काम ते या नातीला देत. आईला भूमितीची विलक्षण आवड होती, परंतु तिच्या काळात मुलीला गणिताचे पुढचे शिक्षण मिळणे अवघड होते. वडिलांचे दोन्ही पाय आजारपणामुळे कापावे लागले होते. आपल्यामागे मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे या काळजीने त्यांनी मुलींना मुलाइतकेच शिकवायचे ठरवले. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ग्रेसने घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडली, तेव्हा आईने तिला रागावून थांबवले नाही, एकच घड्याळ खोलण्याची मुभा दिली.

नौदलाचा धागाही घरातूनच आलेला होता. त्यांचे पणजोबा अलेक्झांडर रसेल हे नौदलात रिअर अॅडमिरल होते. उन्हाळ्यात कुटुंब न्यू हॅम्पशायरमधील वुल्फबरोजवळच्या तळ्याकाठी राहायला जाई. तिथे एकदा ग्रेसची शिडाची होडी वाऱ्याने उलटली, तेव्हा काठावरून आईने भोंग्यातून ओरडून तिला अॅडमिरल पणजोबांची आठवण करून दिली; मग होडी सोडून पोहत येण्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही. ही गोष्ट हॉपर म्हातारपणीही सांगत. पुढे नौदलात अधिकारी झाल्यावर त्या फुले घेऊन पणजोबांच्या थडग्यावर गेल्या होत्या. स्त्री नौदलात अधिकारी झाली हे त्यांना खपेल की नाही अशी शंका होती, म्हणून तसे समजावून आले, असे त्या सांगत.

लॅटिनच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यामुळे व्हॅसर महाविद्यालयातील प्रवेश एक वर्ष लांबला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या, १९३० मध्ये येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये तिथलीच गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता आणि १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच शिकवू लागल्या होत्या. संभाव्यतेच्या वर्गात त्या एका सूत्रावर व्याख्यान देत आणि विद्यार्थिनींना त्यावर निबंध लिहून आणायला सांगत; मग निबंधाची भाषा तपासून तो लाल खुणांनी भरून परत करत. हा गणिताचा वर्ग आहे, भाषेचा नाही, अशी तक्रार हमखास येई. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, की दुसऱ्याला समजावून सांगता येणार नसेल तर गणित शिकून काही उपयोग नाही. पुढच्या पन्नास वर्षांतील त्यांचे काम समजून घ्यायला मला हा एक प्रसंग पुरेसा वाटतो.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ३० जुलै १९४२ रोजी नौदलाच्या राखीव दलात स्त्रियांसाठी वेव्हज ही शाखा कायद्याने स्थापन झाली. हॉपर यांना तिथे जायचे होते, परंतु अडचणी तीन होत्या. पहिली वयाची, कारण त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. दुसरी वजनाची, ते जेमतेम १०५ पौंड, म्हणजे उंचीच्या मानाने नौदलाच्या निकषापेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी होते. तिसरी अडचण अशी, की गणिताच्या प्राध्यापकाचे काम युद्धकाळात अत्यावश्यक समजले जाई आणि ते सोडून सैन्यात जायला परवानगी लागे. वजनासाठी सूट मिळवून आणि महाविद्यालयाकडून रजा घेऊन त्यांनी डिसेंबर १९४३ मध्ये शपथ घेतली. नॉर्थहॅम्प्टन येथील स्मिथ महाविद्यालयात स्त्री अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चाले. आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींबरोबर कवायत करत त्या तुकडीत पहिल्या आल्या आणि लेफ्टनंट, ज्युनियर ग्रेड, या पदावर रुजू झाल्या.

नेमणूक मिळाली ती हार्वर्ड विद्यापीठात, नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने चालवलेल्या गणनप्रकल्पावर. २ जुलै १९४४ रोजी त्या तिथे पोहोचल्या, तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख हॉवर्ड आयकन यांनी इतके दिवस होतात कुठे, असे दरडावून विचारले, समोरचे यंत्र दाखवले आणि एका गणितीय फलनाचे सहगुणक ठरावीक दिवसांत काढून देण्याचा हुकूम सोडला. ते यंत्र म्हणजे मार्क १. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा करणारे आणि छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा वाचणारे. युद्धाच्या काळात ते रात्रंदिवस चालत असे आणि त्याच्यावर नौदलाच्या तोफा, सुरुंग, अग्निबाण यांच्यासाठी लागणारी कोष्टके तयार होत. १९४४ च्या उत्तरार्धात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले. ते अणुबाँबच्या रचनेशी संबंधित होते हे तिथल्या मंडळींना पुढे कळले. या कामाचा विनाशाशी असलेला संबंध लपवण्यासारखा नाही आणि हॉपर यांनीही तो कधी लपवला नाही.

यंत्र चालवणे त्या रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कँपबेल या दोन तरुण अधिकाऱ्यांकडून शिकल्या. मग आयकन यांनी त्यांना या यंत्राविषयी पुस्तक लिहायला सांगितले. मी आजवर पुस्तक लिहिलेले नाही, असे हॉपर म्हणाल्या, तेव्हा तुम्ही आता नौदलात आहात, असे उत्तर मिळाले. रोज लिहिलेली पाने आयकन यांना वाचून दाखवायची अशी शिस्त होती. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ती पाचशेहून अधिक पानांची पुस्तिका, माझ्या मते, त्यांच्या कंपायलरइतकीच महत्त्वाची आहे. त्यापूर्वी अशा यंत्राचे ज्ञान दोन-चार माणसांच्या डोक्यात आणि त्यांच्या वह्यांत होते. एखाद्या नव्या माणसाने वाचून यंत्र चालवायला शिकावे अशा रीतीने ते प्रथमच लिहिले गेले, आणि ते लिहायला बारा वर्षे वर्गात शिकवलेली व्यक्ती मिळाली हे त्या यंत्राचे भाग्य.

युद्ध संपले त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. नौदलाच्या नियमित सेवेत कायम व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केला, परंतु वयाची मर्यादा ३८ वर्षांची होती आणि त्या चाळिशीला टेकल्या होत्या. अर्ज नाकारला गेला. त्या राखीव दलात राहिल्या, व्हॅसरने देऊ केलेली प्राध्यापकाची जागा नाकारून हार्वर्डच्या प्रयोगशाळेत १९४९ पर्यंत काम करत राहिल्या. ही वर्षे कठीण होती. मद्यपान इतके वाढले होते की जवळच्या मित्रांना त्यांची काळजी वाटत असे, आणि एका मित्राने तर तसे पत्र लिहून त्यांना सावधही केले. थोरांच्या चरित्रांतून हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळल्याने पुढचे आयुष्य अधिक सोपे वाटते आणि ते तसे नव्हते.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत गेल्या, जिथे युनिव्हॅक हा संगणक आकाराला येत होता. इथल्या यंत्रांसाठी त्या अष्टमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठच्या पायावर, गणिते करू लागल्या आणि एक दिवस असे झाले की बँकेच्या खात्याचा हिशेब काही केल्या जुळेना. त्यांचा भाऊ बँकेत काम करणारा; त्याने वही तपासली तेव्हा कळले की बहिणीने वजाबाक्या अष्टमान पद्धतीने केल्या होत्या. हसण्यावारी नेता येईल अशा या प्रसंगातून त्यांनी एक गंभीर प्रश्न उचलला: यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपले डोके का बदलावे? शिवाय एकदा लिहिलेल्या आज्ञांचे तुकडे दुसऱ्या कामासाठी हाताने उतरवून घेताना चुका होत. चारचा आकडा त्रिकोणासारखा दिसे, अक्षराची जागा आकडा घेई, यंत्राच्या स्मृतीतील जागांचे पत्ते बेरीज करून बदलताना बेरीज चुके. उतरवणे आणि बेरीज करणे हीच तर यंत्राची कामे आहेत, मग ती त्यालाच का देऊ नयेत, असा विचार त्यांनी केला आणि १९५२ पर्यंत ए-० ही प्रणाली चालू केली. आजच्या व्याख्येने तिला कंपायलर म्हणावे की आज्ञांचे तुकडे जोडणारी प्रणाली म्हणावे, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु यंत्रानेच आपल्या आज्ञा तयार कराव्यात ही कल्पना त्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवली. त्याच वर्षी सादर केलेल्या आपल्या निबंधाला त्यांनी संगणकाचे शिक्षण अशा अर्थाचे शीर्षक दिले. संगणक फक्त अंकगणित करू शकतो, आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहू शकत नाही, असे ऐकवले जात होते आणि चालती प्रणाली हातात असूनही तिला कोणी हात लावायला तयार नव्हते, ही त्यांची तक्रार होती.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. हिशेबनीस, भांडारपाल, व्यवस्थापक यांना गणिती चिन्हे आवडत नाहीत, त्यांना वाक्ये हवी असतात, हे त्यांना उमगले होते. साध्या इंग्रजी शब्दांत लिहिलेली आज्ञा यंत्राने स्वीकारावी यासाठी त्यांच्या गटाने १९५५ च्या सुमारास एक नमुना तयार केला. यंत्राच्या दृष्टीने शब्द कोणत्या भाषेतले आहेत याला काहीच महत्त्व नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. परिणाम उलटा झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे समजेल, हे अशक्यच आहे, असे व्यवस्थापनाचे मत पडले आणि पुढचे काही महिने फक्त इंग्रजीच वापरू असे आश्वासन देण्यात गेले. या प्रयत्नातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली.

मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि सर्व कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी एक व्यवहारोपयोगी भाषा तयार करण्याचे ठरले. तीच कोबोल. हॉपर यांना कोबोलची जननी म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती योग्य वाटत नाही. भाषेची रचना ज्या समितीने केली तिच्यात जीन सॅमेट यांच्यासारख्या कर्तबगार व्यक्ती होत्या, आणि ती बैठक व्हावी असा आग्रह प्रथम मेरी हॉज यांनी धरला होता. हॉपर सल्लागार होत्या. मात्र त्यांची फ्लो-मॅटिक समोर नसती तर कोबोल या स्वरूपात आली नसती, हेही तितकेच खरे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. यंत्र बदलले तरी लिहिलेले काम वाया जात नाही, हे सिद्ध करणारा तो प्रयोग होता.

या सगळ्या काळात त्या राखीव दलात होत्याच. १९६६ मध्ये नौदलाचे पत्र आले. त्यात म्हटले होते की आपली सेवा २३ वर्षांची झाली आहे आणि ती २० पेक्षा अधिक आहे. हे गणित मला येत होते, असे त्या सांगत. पुढे, आपण ६० वर्षांच्या झाला आहात. तेही ठाऊक होते. शेवटी, कृपया निवृत्तीसाठी अर्ज करावा. ३१ डिसेंबर १९६६ रोजी त्या कमांडर या पदावरून निवृत्त झाल्या आणि तो दिवस आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा होता असे त्या म्हणत.

ही निवृत्ती सात महिने टिकली. नौदलाच्या पगारपत्रकाची आज्ञावली पुन्हा पुन्हा लिहूनही धड चालत नव्हती आणि निरनिराळ्या केंद्रांवरील कोबोलच्या बोली एकमेकींशी जुळत नव्हत्या. सहा महिन्यांसाठी म्हणून १ ऑगस्ट १९६७ रोजी त्यांना सक्रिय सेवेत परत बोलावले. ते सहा महिने १९ वर्षे चालले. कोबोलचे प्रमाणीकरण करणे आणि एखादा कंपायलर प्रमाणानुसार आहे की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या तयार करणे, हे काम त्यांच्या गटाने केले. हे काम दिसायला कोरडे आहे, परंतु सरकारी कचेऱ्यांना एकाच कंपनीच्या यंत्राला बांधून न घेता काम करता आले ते अशा चाचण्यांमुळे. याच काळात, सगळे मोठ्या केंद्रीय संगणकांच्या मागे असताना, त्या लहान संगणकांची जाळी उभारण्याचा आग्रह धरत होत्या. ओंडका एका बैलाला हलेना म्हणून आपल्या पूर्वजांनी मोठा बैल पैदा केला नाही, दुसरा बैल जोडला, असे त्या श्रोत्यांना सांगत.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना अमेरिकी सैन्यदलांत कायमचे स्थान दिले, पण त्यांच्या पदांना मर्यादाही घातली. नौदलात कमांडरच्या वरचे कायम पद स्त्रीला मिळू शकत नव्हते. ही मर्यादा नोव्हेंबर १९६७ मध्ये, म्हणजे हॉपर परत आल्यानंतर तीन महिन्यांनी उठली. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या. १९८३ मध्ये दूरदर्शनवरील त्यांची मुलाखत पाहून इलिनॉयचे प्रतिनिधी फिलिप क्रेन यांनी संसदेत ठराव मांडला आणि डिसेंबर १९८३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत त्यांना कमोडोर हे पद देण्यात आले. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर अॅडमिरल झाले आणि पणजोबांची आणि त्यांची पदवी एक झाली. स्त्री म्हणून आपल्याला अडथळा आला नाही, असे हॉपर म्हणत असत. मी त्यांचा आदर करूनही याबाबत त्यांच्याशी सहमत नाही. त्यांच्या पदावर जवळपास वीस वर्षे कायद्याचे छप्पर होते आणि १९६९ मध्ये एका व्यावसायिक संघटनेने त्यांना जो संगणकविषयक सन्मान दिला, त्याच्या नावात वर्षातील पुरुष असे शब्द होते. कामात गुंतलेल्या माणसाला भिंत दिसली नाही, म्हणून ती नव्हती असे होत नाही.

सत्तरीनंतर त्या गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. मानधन नेव्ही रिलीफ सोसायटीला जाई. उपग्रहामार्फत संदेश पाठवायला इतका वेळ का लागतो, असे वरिष्ठ अधिकारी विचारत; त्यांना अब्जांश सेकंद म्हणजे काय हे हातात देता यावे म्हणून त्यांनी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे कापून घेतले. त्या अवधीत वीज फार तर एवढेच अंतर जाते. मग त्या सेकंदाच्या दशलक्षांशाचे सुमारे ३०० मीटरचे वेटोळे दाखवत आणि आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते अडकवावे म्हणजे वेळ वाया घालवताना काय फेकून देतो ते कळेल, असे सांगत. कचेरीत भिंतीवर उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच करत आलो आहोत, या उत्तराचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या नौदलाच्या सर्वांत जुन्या नौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि नौदलात त्या वेळी सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत वयाने सर्वांत ज्येष्ठ होत्या. त्यानंतर लगेच त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये वरिष्ठ सल्लागाराची नोकरी धरली आणि गणवेशातच व्याख्याने सुरू ठेवली. सर्वांत मोठी कामगिरी कोणती असे विचारल्यावर त्या कंपायलरचे नाव घेत नसत, आपण घडवलेल्या तरुणांचे घेत. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत पूर्ण लष्करी सन्मानाने त्यांचा दफनविधी झाला.

त्यांच्या साऱ्या सेवेत नौदलाने त्यांना समुद्रावर नेमणूक दिली नाही. १९४२ च्या कायद्याने स्त्रियांना जहाजावर जाण्याची मनाई होती आणि १९४८ च्या कायद्याने फक्त रुग्णनौका आणि वाहतूकनौकांची मुभा दिली. युद्धनौकांवर स्त्रियांच्या नेमणुका १९९४ मध्ये सुरू झाल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे यूएसएस हॉपर ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यावर चढण्याचा अधिकार स्त्री अधिकाऱ्यांना कायद्याने मिळालेला होता.